आमची वाटचाल : फवारणीच्या पंपापासून जाळीतल्या रोपवाटिकेपर्यंत

वरुड तालुक्यात संत्र्याच्या कलमा करणारी घरं शोधावी लागत नाहीत. शेंदुरजनाघाटच्या बाजूने गेलात तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाफेच वाफे दिसतात. आम्ही मात्र या धंद्यात कलमांच्या वाटेने आलो नाही. १६ वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जुना ट्रॅक्टर, पाण्याची टाकी आणि एचटीपी (जोराच्या दाबाने फवारणारा) पंप होता. हाताखाली दोन माणसं. लोकांच्या बगीच्यात फवारणी करून द्यायची आणि झाडामागे पैसे घ्यायचे, एवढाच व्यवसाय.

आमचं नाव झालं ते कोळशीमुळे. काळी माशी पानाच्या मागच्या बाजूला गोल गोल वळणात अंडी घालते. पिल्लं रस शोषतात, अंगातून चिकट गोड पाणी सोडतात आणि त्यावर काळी बुरशी चढते. सगळं झाड कोळसा फासल्यासारखं होतं. अंड्यातून पिल्लं निघण्याची वेळ साधून पानाच्या खालून फवारा मारला, की पुढच्या नवतीवर, म्हणजे नव्या कोवळ्या फुटीवर, फरक दिसतो. ती वेळ ओळखायला मी शिकलो होतो. माशी आटोक्यात आली की बगीचा पुन्हा हिरवा होई आणि मालक पुढच्या बहाराला स्वतःहून बोलावत. कीड मेली की दुखणं संपलं, हे गणित तिथे डोक्यात पक्कं बसलं. पुढची काही वर्षं त्याच गणिताने आमचं नुकसान केलं, आणि आमच्यापेक्षा जास्त आमच्या गिऱ्हाइकांचं.

फवारणीच्या पैशातून कागदी लिंबाची रोपं करायला घेतली. अकोला आणि बुलडाण्याकडून लिंबाच्या रोपांना मागणी होती. लिंबू बियांपासून होतं, डोळा भरायची, म्हणजे एका झाडाची कळी खालच्या रोपाच्या (खुंटाच्या) सालीत बसवून कलम करायची, कारागिरी लागत नाही. जागाही घरचीच होती : वडिलांनी लावलेल्या जुन्या संत्र्याच्या बगीच्याला लागून, विहिरीजवळ. दर आठ दिवसांनी आम्ही रोपांवर औषध मारत असू. पंप घरचा, औषधाची माहिती घरची. मावा, ही रस शोषणारी बारीक कीड, कोवळ्या शेंड्यावर दिसला न दिसला की दुसऱ्या सकाळी फवारा. रोपं इतकी हिरवीगार असत, की लोक आगाऊ पैसे देऊन जात.

चौथ्या वर्षी बाळापूरकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. ‘भाऊ, झाडं शेंड्याकडून वाळून राह्यले. तुमच्याच रोपांचे हायेत, एकदा येऊन पाहून जा.’ गेलो. झाडं वयाच्या मानाने बुटकी, पानं बारीक आणि फिकी, शेंडे काड्यांसारखे. एकेका झाडाला अवेळी गच्च फुलं लागलेली. आधी वाटलं डिंक्या, म्हणजे बुंध्यातून डिंक गळायचा रोग, असेल. पण बुंध्याला डिंक नव्हता, मुळंही कुजलेली नव्हती. मी फांद्या आणि पानं पिशवीत घालून नागपूरला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत घेऊन गेलो.

तिथल्या शास्त्रज्ञांनी मला दोन गोष्टी हाताने करायला लावल्या. एक कोवळं पान उन्हाकडे धरायला सांगितलं. शिरा सलग हिरव्या नव्हत्या, मधूनमधून तुकड्या-तुकड्यांनी पारदर्शक दिसत होत्या, जणू तिथे पाणी भरलंय. मग फांदीची साल सोलायला सांगितली. आतल्या लाकडावर बारीक लांबट खाचा होत्या. सालीवरून काहीच कळत नव्हतं. प्रयोगशाळेतल्या एलायझा तपासणीत ट्रिस्टेझा हा विषाणूचा रोग निघाला. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थ उदासी. ब्राझीलमध्ये गेल्या शतकाच्या तिशी-चाळिशीत या रोगाने आंबट संत्र्याच्या खुंटावरची लाखो झाडं वाळली, तेव्हा लोकांनी हे नाव दिलं. विषाणू माव्यातून पसरतो हे तिथेच १९४६ साली दाखवलं गेलं. नाव ऐकून मला त्या शेतकऱ्याचा चेहरा आठवला.

मी विचारलं, दर आठ दिवसांनी फवारत होतो, तरी कसं? त्यांनी जे समजावलं त्यावर आमचा आजचा सगळा धंदा उभा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

लिंबाच्या बीमधून हा विषाणू येत नाही. म्हणजे माझं रोप उगवलं तेव्हा स्वच्छच होतं. विषाणू होता शेजारी, वडिलांच्या बगीच्यात. जंबेरी या जाड्या लिंबाच्या खुंटावरचा आपला संत्रा हा विषाणू अंगात घेऊन वर्षानुवर्षं फळं देतो आणि वरून काही दाखवत नाही. कागदी लिंबू मात्र तो सोसू शकत नाही. आता मावा. तो फक्त कोवळ्या नवतीवर बसतो. पाच-दहा मिनिटं, अर्धा तास रस शोषला तरी विषाणू त्याच्या सोंडेत येऊ शकतो, आणि पुढचा दिवस-दोन दिवस तो इतर झाडांना देऊ शकतो. बगीच्यातली नवती जून झाली किंवा शेंड्यावर गर्दी झाली की माव्याची पंखवाली पिढी निघते आणि जवळच्या कोवळ्या पाल्यावर उतरते. जवळचा कोवळा पाला म्हणजे माझे वाफे.

औषध मारलेल्या रोपावर तो मावा मरायचा, हे खरं. पण मरायच्या आधी सोंड खुपसायचा. मला मेलेला मावा दिसत होता आणि मी समाधानाने घरी जात होतो. शिवाय त्याच फवाऱ्यात माव्यावर जगणारे ढालकिडे मरत होते.

संत्र्यावरचा सिट्रस सायला ही रस शोषणारी कीड माव्याहून वेगळी, हे इथेच सांगतो, कारण आमच्याकडे येणारे बरेच जण दोन्ही एकच समजतात. सायलातून ग्रीनिंग हा रोग पसरतो आणि त्याचं कारण विषाणू नाही, जिवाणू आहे. सायलाने तो एकदा घेतला की जन्मभर बाळगतो, आणि ग्रीनिंग झालेल्या बगीच्यात सायला मारण्याला अर्थ असतो. तिथे नवती फुटताना फवारणी चुकवू नका, असं मी आजही सांगतो. पण ट्रिस्टेझा थांबवतो म्हणून कुणी तुम्हाला औषधाची बाटली विकत असेल, तर घेऊ नका. लागण झालेल्या झाडातून हा विषाणू काढणारं औषध नाही.

नागपूरहून आल्यावर मी रोपांच्या वहीतून त्या चार वर्षांची नावं काढली. सगळ्यांकडे जाणं झालं नाही, जमलं तेवढ्यांकडे गेलो. ज्यांची झाडं वाळत होती त्यांना पुढे जाळीतली रोपं बिनपैशाने दिली. दोघांनी ती घेतली नाहीत. त्यांच्या चार वर्षांच्या मेहनतीची भरपाई रोपाने होत नाही, हे मलाही कळत होतं.

जाळीचं घर बांधायला ट्रॅक्टर आणि पंप विकला. जागा बगीच्यापासून लांब, गावाच्या दुसऱ्या अंगाला घेतली. कीटक अडतील अशी बारीक जाळी, दोन दारं, मधे एवढीच मोकळी जागा की एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. माती आम्ही उन्हात पॉलिथिनखाली तापवून घेतो, कारण मुळं कुजवणारा फायटोप्थोरा मातीतून येतो आणि त्याला जाळी अडवत नाही. रोपं पिशवीत, पिशव्या जमिनीपासून वर. पिवळे चिकट सापळे दारापाशीच लावतो, म्हणजे काय आत यायला पाहत होतं ते आधी कळतं. गिऱ्हाईक आलं की जाळीबाहेरून रोप दाखवतो. पहिल्या वर्षी काही जण यावरून नाराज होऊन गेले.

जाळीचेही त्रास आहेत. उन्हाळ्यात आत काहिली होते. लाल कोळी ही कीड बाहेरपेक्षा आत जास्त वाढते. तिसऱ्या वर्षी मृगाच्या आधीच्या वादळात एक बाजू फाटली आणि ती शिवायला आम्हाला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी त्या कोपऱ्यातल्या शेंड्यांवर मावा होता. दिसायला रोपं ठणठणीत होती आणि बायको म्हणाली, ‘नमुने तपासू, मग ठरवू.’ पण लागण झाल्यावर विषाणू तपासणीत दिसेल एवढा वाढायला वेळ लागतो. तोवर रोपं विकायची वेळ निघून जाते. आम्ही त्या कोपऱ्यातल्या ८०० पिशव्या रिकाम्या केल्या. त्या संध्याकाळी घरात कुणी फारसं बोललं नाही.

संत्र्याच्या कलमा आम्ही नंतर सुरू केल्या आणि आजही कमीच करतो. तिथे मावा नसला तरी धोका आहे, कारण रोग डोळ्यातून येतो. दिसायला भरघोस म्हणून कुठल्याही झाडाची डोळकाडी (डोळे काढायची फांदी) आणली, तर त्या झाडाचा विषाणू शंभर कलमांत जातो. आमचे मातृवृक्ष, म्हणजे ज्यांचे डोळे घेतो ती झाडं, नागपूरच्या संस्थेच्या रोपांपासून वाढवलेले आहेत, तेही जाळीत ठेवलेत, आणि त्यांची तपासणी करून घेतो. डोळे भरणाऱ्या माणसाची सुरी एका मातृवृक्षावरून दुसऱ्यावर जाताना धुतल्याशिवाय जात नाही.

आमचं रोप महाग पडतं. उघड्यावरच्या रोपाच्या जवळपास दुप्पट खर्च येतो. नेणाऱ्याला मी एवढंच सांगतो, की बाहेर लावल्यावर त्याला कधी ना कधी मावा चावणारच. पण जे झाड लहानपणी वाचलं ते पुढे झालेली लागण बरीच सोसतं. लिंबू जुन्या संत्र्याला किंवा मोसंबीला चिकटून लावू नका. युरियाचा मारा करून सतत कोवळी फूट काढत राहू नका. आणि वाळलेली झाडं उपटून टाका, आशेवर ठेवू नका.

बाळापूरच्या त्या शेतकऱ्याने मोफत रोपं घेतली नव्हती. गेल्या वर्षी त्यांचा मुलगा आला, जाळीबाहेर अर्धा तास उभा राहिला, सगळं विचारून घेतलं आणि १५० रोपं सांगून गेला. ‘बाबा म्हणे, पैसे देऊनच आणजो.’ ती रोपं आता हातभर झाली आहेत. जाळीला सहा वर्षं झाली, उन्हाने दोरे कडक झालेत. मृगाच्या आधी दक्षिणेकडची बाजू बदलायची आहे, म्हणून या आठवड्यात रोपवाटिका बंद राहील.