हिशेब जरा जास्तच जुळत होता

मी चर्चच्या ऑफिसात हिशेबाचं काम बघतो. पूर्णवेळ. लोकांना वाटतं चर्चमधे काम म्हणजे दिवसभर भजन आणि प्रार्थना, पण माझ्या टेबलावर व्हाउचर, चेकबुक, लाईटबिल आणि रबरबँडचा ढीग असतो, बाकी काही नाही. रविवारी उपासना झाली की अर्पणाच्या थैल्या आतल्या खोलीत येतात, दोन जण मिळून मोजतात (एकाच घरातले दोघं नकोत असा नियम आहे आणि तो चांगला नियम आहे), शीट भरतात, दोघंही सही करतात, पैसे कुलूपवाल्या पेटीत जातात. सोमवारी मी पेटी उघडतो, परत मोजतो, बँकेत भरतो. बस एवढंच.

त्या दिवशी ऑडिट होतं. ऑडिटर मॅडम आमच्या मंडळीच्या नाहीत, बाहेरच्या आहेत, आणि त्यांना आठवड्यात वेळ नव्हता म्हणून रविवारी दुपारीच आल्या. मी निवांत होतो कारण माझी फाईल एकदम टापटीप होती. दोन तास त्या काही बोलल्याच नाहीत, नुसतं पेन्सिलने टिक टिक. मग चष्मा काढला आणि म्हणाल्या, वर्षभरात शीट आणि बँकस्लिप यांच्यात एकदाही फरक नाही?

मी अभिमानाने म्हटलं, नाही.

त्या म्हणाल्या, तेच तर पटत नाहीये. माणसं मोजतात ना, मशीन नाही, कुठेतरी एखादं नाणं इकडेतिकडे झालंच पाहिजे. इतका स्वच्छ हिशेब म्हणजे कुणीतरी स्वच्छ केलाय.

मला घाम फुटला, कारण केलाच होता. चोरी नव्हती हो, पण आता लिहिताना वाटतंय की चोरीपेक्षा फार लांबचंही नव्हतं. झालं असं होतं की बरेच महिने सोमवारी पेटीत शीटपेक्षा एक नाणं जास्त निघायचं. कमी कधीच नाही, जास्तच, आणि दर वेळी एकच, सगळ्यात छोटं. आता ते दाखवायचं म्हणजे त्या दोघांना परत बोलवा, नवीन शीट करा, परत सह्या घ्या, आणि हे सगळं एका नाण्यासाठी. मी सरळ ते उचलून ड्रॉवरमधे टाकायचो. हिशेब जुळला. आमच्या लाईनमधे याला किरकोळ फरक म्हणतात आणि किरकोळ फरकासाठी कुणी जीव देत नाही.

मॅडमनी ड्रॉवर उघडायला लावला. टाचण्या, वाळलेला स्टॅम्पपॅड, टोपण नसलेली पेनं आणि त्या सगळ्याच्या मधे ती नाणी. टेबलावर ओतली, दहादहाच्या चळती केल्या. चार चळती आणि वर दोन. बेचाळीस. मॅडम म्हणाल्या, सगळी एकाच किमतीची आहेत. मोजण्यातली चूक अशी एकसारखी नसते, कधी कमी कधी जास्त असते. हे कुणीतरी मुद्दाम टाकतंय.

आणि खरं सांगतो, हे बोलणं संपतंय न संपतंय तोच बाहेरच्या खोलीत टण् असा आवाज झाला. पेटी तिथेच असते. आम्ही दोघं उठून दारात गेलो तर मावशी. हातात झाडू, पदर खोचलेला, पेटीसमोर उभ्या. मावशी म्हणजे हॉल साफ करणाऱ्या. लोक गेले की येतात, खुर्च्या सरळ करतात, झाडतात, पुसतात, कुलूप लावून जातात. सकाळी त्यांचं दुसरीकडे काम असतं म्हणून उपासनेला त्यांना मी कधी बघितलेलं नाही.

मॅडमनी विचारलं, खाली पडलेलं सापडलं का मावशी? विचारण्यात काही वाईट नव्हतं. पण मावशींना ते लागलं. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि खिडकीतली बरणी आणून आमच्यासमोर ठेवली. बरणीत नाणी, एक कानातलं, दोन बटणं. म्हणाल्या, सापडलेलं इथं असतं, ते तुमचं. हे माझं होतं.

मी म्हटलं, अहो पण थैलीत टाकायचं ना उपासनेच्या वेळी, पाकिटं पण असतात.

त्या म्हणाल्या, तुमची उपासना तेव्हा असते, माझी आता असते. माझ्या वेळी थैली फिरत नाही, मग पेटीत टाकते.

म्हणजे ही बाई रिकाम्या हॉलमधे एकेक खुर्ची सरळ करत प्रार्थना करते, आणि शेवटी अर्पण देते, रीतसर, जसं आपण देतो तसं. आणि मी ते सोमवारी टाचण्यांमधे टाकतो. उभ्या उभ्या मला कसंतरीच झालं.

बायबलमधे मार्कच्या शुभवर्तमानात बाराव्या अध्यायातली विधवा कुणाला माहीत नाही, माझं तर लहानपणापासून पाठ. येशू यरुशलेमच्या मंदिरात भांडारासमोर बसून लोक पैसे कसे टाकतात ते बघत होता, श्रीमंत पुष्कळ टाकत होते, मग एक गरीब विधवा आली आणि तिने दोन टोल्या, म्हणजे अगदी छोटी नाणी, टाकल्या. मिश्ना नावाच्या जुन्या यहुदी नियमग्रंथामधे लिहिलंय की त्या मंदिरात अशा 13 पेट्या होत्या, शिंगाच्या आकाराच्या, त्यातल्या सहा स्वखुशीच्या दानासाठी आणि बाकीच्या ठरावीक कामांसाठी, कुठे लाकडासाठी, कुठे धूपासाठी. म्हणजे तिथेही आमच्यासारखेच हेड, म्हणजे वेगवेगळी खाती, होते. मी हिशेबवाला माणूस असल्याने एकदा या टोल्यांचा हिशेब पण मांडला होता. दोन टोल्या म्हणजे क्वाद्रान्स नावाचं एक रोमी नाणं, आणि 64 क्वाद्रान्सचा एक दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. बारा तासांचा दिवस धरला तर बाईने टाकलेली रक्कम साधारण सव्वाअकरा मिनिटांची मजुरी होते. आणि याच मार्कमधे, दोनच अध्याय पुढे, दुसरी एक बाई येशूच्या डोक्यावर सुगंधी तेल ओतते ज्याची किंमत लोक 300 दिनारांच्या वर सांगतात. भागाकार करा, पहिलीच्या दानाच्या निदान 19,200 पट. आणि येशू दुसरीबद्दल काय म्हणतो, तर तिला जे करता आलं ते तिने केलं. म्हणजे त्याच्याकडे दोघींना एकच माप. हा हिशेब मी बायबल स्टडीत सांगून वाहवा पण घेतली होती!! ड्रॉवरमधे नाणी साठत होती तेव्हाच.

अजून एक गोष्ट त्या दुपारनंतर माझ्या डोक्यातून जात नाही. विधवेच्या त्या गोष्टीच्या अगदी आधीच्या ओळींत येशू लोकांना शास्त्र्यांपासून, म्हणजे धर्मशास्त्र शिकवणाऱ्यांपासून, सावध राहायला सांगतो, की ते विधवांची घरं गिळतात आणि वर लांबलचक प्रार्थना करतात. आणि गोष्ट संपल्या संपल्या मंदिर बघून म्हणतो, इथे दगडावर दगड राहणार नाही. (इ.स. 70 मधे रोमी सैन्याने ते पाडलंच.) काही अभ्यासक म्हणतात की येशू तिथे बाईचं नुसतं कौतुक करत नव्हता, तिच्याकडे काही उरू नये अशी व्यवस्था बघून त्याला त्रास होत होता. आधी मला हे ओढूनताणून वाटायचं. पण मावशींचा पगार मीच काढतो ना, किती आहे ते मला माहीत आहे आणि तो लोकांच्या अर्पणातूनच जातो. आपण देतो एवढंसं, त्यातलं त्या परत आणून देतात आणि आपण प्रवचनात छोट्या दानाचं महत्त्व सांगून मोकळे. मी कमिटीत नंतर पगाराचा विषय काढला. चर्चा चालू आहे, म्हणजे काय ते समजून घ्या.

तर मी मावशींना सांगून टाकलं. सगळं. की तुमचं नाणं बँकेत कधी गेलंच नाही, मी बाजूला काढून ठेवायचो. टेबलावरच्या चळती दाखवल्या.

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, म्हणजे इतके दिवस पोचलंच नाही?

माझ्या अगदी तोंडावर आलं होतं की देवाकडे तर पोचलंच ना मावशी. पाळक साहेब, म्हणजे आमचे पास्टर, असते तर तेच म्हणाले असते आणि ते खोटंही नाही. पण ते बोलणं मला फार सोयीचं होतं, ड्रॉवर माझा होता. मी गप्प बसलो. मग म्हटलं, आज लिहितो, तुमच्या नावाने पावती करतो.

नाव नको, पावती नको. देवाकडे हिशेब असतो, तुम्ही वहीत लिहा.

मग त्यांनी चळती मोजल्या. मी मोजलेल्या, मॅडमनी मोजलेल्या, परत मोजल्या. म्हणाल्या, बेचाळीस कशी? जास्त पाहिजेत.

मी म्हटलं, मावशी, आम्ही दोनदा मोजली.

हजेरी तुमच्याकडेच असते ना, बघा की.

आता मॅडमना मजा यायला लागली होती, त्यांनीच हजेरीबुक ओढलं. मावशी कामाला लागल्यापासूनचे रविवार बोट ठेवून मोजले, आजारपणाचे खाडे वगळले, आजचा वगळला कारण आजचं नाणं पेटीतच होतं. चव्वेचाळीस. दोन कमी. बावीस वर्षं मी हिशेब करतोय आणि माझ्या कोऱ्या करकरीत फाईलमधली चूक झाडू मारणाऱ्या मावशींनी काढली, तीही माझ्याच रजिस्टरने.

ड्रॉवर पूर्ण बाहेर काढला. मॅडम जमिनीवर गुडघे टेकून मोबाईलचा टॉर्च मारतायत, मावशी झाडूची काडी आत घालतायत, मी ड्रॉवर धरून उभा. मागच्या फळीत अडकलेलं एक निघालं, धुळीने काळं झालेलं. मावशींनी पदराने पुसलं आणि चळतीवर ठेवलं. दुसरं काही सापडेना. कपाट सरकवलं, कचऱ्याची टोपली उलटी केली, टाचण्यांचा डबा पण बघितला. नाही.

मी खिशातून एक काढून पुढे केलं. मावशींनी मान हलवली. म्हणाल्या, ते तुमचं होईल, तुम्हाला टाकायचंय तर वेगळं टाका. मी टाकलं, वेगळं. टण्.

मॅडम कपडे झटकत खुर्चीवर बसल्या आणि रिपोर्ट पुढे ओढला. निनावी अर्पण, नाणी 43, उशिरा जमा. खाली फरकाच्या रकान्यात माझा शून्य होता, तो त्यांनी खोडला आणि लिहिलं, एक नाणे, शोध चालू.