खर्चकपातीविरुद्धच्या मोर्चात कोण चालते?

डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरले की धंतोलीतल्या यशवंत स्टेडियमपासून मोर्चे निघतात आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला पोलिसांच्या कठड्यांपाशी अडवले जातात. माझे घर याच भागात असल्यामुळे हे मोर्चे मी अनेक वर्षे जवळून पाहत आलो आहे. सरकारने खर्चाला कात्री लावली की रस्त्यावर कोण येते, याविषयी शहरात एक मत सर्रास ऐकू येते : गलेलठ्ठ पगार घेऊनही पोट न भरलेले कर्मचारी. हे मत मला अन्यायाचे वाटते.

जुन्या पेन्शनचेच घ्या. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांची निश्चित निवृत्तिवेतनाची हमी राज्याने काढून घेतली आणि त्या जागी पगारातून दरमहा अंशदान कापणारी योजना आणली. तिजोरीवरचा भार हलका झाला, पण म्हातारपणाची चिंता कर्मचाऱ्याच्या घरी आली. १४ ते २० मार्च २०२३ या काळात राज्यभर संप झाला, तेव्हा ज्यांची स्वतःची जुनी पेन्शन शाबूत होती असे ज्येष्ठ कर्मचारीही धाकट्या सहकाऱ्यांसाठी कामावर गेले नाहीत, हे विसरता कामा नये.

मोर्चातली सर्वांत मोठी संख्या मात्र मला नेहमी मानधनावरच्या बायकांचीच दिसते : अंगणवाडी सेविका, मदतनीस, आशा, शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या. एका डिसेंबरात पाण्याचे कॅन घेऊन मी रस्त्यावर उभा होतो. गोंदिया जिल्ह्यातून पहाटेच आलेल्या एक सेविका दुभाजकावर बसून मोबाइलमध्ये काहीतरी भरत होत्या. मांडीवर नोंदवही, तिच्यात मुलांच्या वजनांचे आकडे, आणि बोट पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या नोंदींच्या सरकारी ॲपवर. "ताई, आज तरी राहू द्या," मी म्हणालो. "भाऊ, आजचं मानधन तं कापतीलच, पण लेकरांची नोंद राहिली तं उद्या मलेच विचारतील," असे म्हणून त्यांनी पुढचे नाव भरले. अंगणवाडीची योजना १९७५ पासून चालू आहे, तरीही सेविकेच्या मोबदल्याला शासन आजही वेतन न म्हणता मानधन म्हणते. या एका शब्दामुळे राज्याचा किती पैसा वाचत असेल, हा विचार त्या नोंदवहीकडे पाहताना माझ्या मनातून जाईना.

नोकरी अजून लागलेलीच नाही, अशी मुलेही रस्त्यावर येतात. बाह्य यंत्रणेमार्फत कंत्राटी भरती करण्याचा सप्टेंबर २०२३ चा शासन निर्णय स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांनी मुकाट्याने स्वीकारला नाही. तो ऑक्टोबरात रद्द करावा लागला. २०११ मध्ये सरकारी खर्चकपातीविरुद्ध स्पेनमधल्या चौकांत बसलेल्या गर्दीतही शिकलेले आणि बेरोजगार असे तरुण मोठ्या संख्येने होते.

जे येत नाहीत त्यांच्याविषयी मात्र क्वचितच बोलले जाते. कंत्राटी कर्मचारी कमी दिसतात, कारण अकरा महिन्यांनी नेमणूक पुढे चालू राहील की नाही याचा धाक असतो आणि मालक म्हणून एजन्सीचे नाव पुढे केले जाते. ज्या मजुराचे मूल अंगणवाडीत जेवते आणि ज्याची आई सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभी असते, त्याला कपातीचा फटका सर्वांत आधी बसतो; पण मोर्चाला यायचे तर त्याची दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडे भरणारी संघटना त्याच्या पाठीशी नसते आणि निवेदनावर सही करायला पदही नसते. त्याच्या मुलाचे वजन किती, हे मात्र त्या सेविकेच्या वहीत लिहिलेले असते. म्हणूनच पगारासाठी निघालेल्या मोर्चात त्या मजुराचाही प्रश्न चालत असतो, असे मी मानतो.

त्या दिवशी संध्याकाळी शिष्टमंडळ परत आले. कठड्यापाशी बायका उठून उभ्या राहिल्या. त्या ताईंनी वही पिशवीत ठेवली आणि पुढच्यांना एवढेच विचारले, "निवेदनाची पोच भेटली का?"