फोटोतलं कुलूप

"याला कुलूप आहे बघा," वहिनी म्हणाल्या आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला.

गुहागरहून परवाच आलो. आज संध्याकाळी ओट्यावर बसून शेजाऱ्यांना फोटो दाखवत होतो. समुद्र, सुरूची झाडं, जांभ्या दगडाचं कौलारू घर. घर सुंदर दिसलं म्हणून मी फोटो काढला. शेजारच्या वहिनींचं माहेर तिकडचं. त्यांना आधी कडीतलं गंजलेलं कुलूप दिसलं. मग अंगण. "सारवलेलं नाही. गणपतीला उघडतील, की परत मुंबई."

मी म्हणालो, आपल्या जळगावच्या ४५ डिग्रीपेक्षा तिकडे किती सुख!

"भाऊ, पाऊस धो धो पडतो. पण मे महिन्यात माझी आई टँकरची वाट बघते."

मी गप्पच झालो. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आपल्याकडे ७०० च्या आसपास. पण सच्छिद्र जांभा पाणी धरून ठेवत नाही, उतारावरून सगळं समुद्रात जातं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली. रत्नागिरीची जवळपास १७ लाखांवरून १६ लाख १५ हजारांवर.

आमच्या केळीच्या बागा बघून पाहुणेही म्हणतात, काय हिरवंगार आहे तुमच्याकडे! गल्लीतली निम्मी पोरं पुण्याला, सुरतेला गेली, हे त्यांना कुठे दिसतं?

उठताना वहिनींनी एक फोटो मागितला. समुद्राचा नाही, त्या दाराचा.