तांबड्या पेनाची काट

आमच्याकडे वनस्पतिशास्त्राच्या वर्गात पाइन शिकवायचा म्हणजे बरणीत जपलेल्या नमुन्यावरून. दरवर्षी कुणीतरी शाळेच्या आवारातलं सुरूचं बोंड घेऊन येतं आणि ‘सर, पाइनचा कोन!’ म्हणतं. सुरू हे फुलझाड, सूचिपर्णी नव्हे, हे पटवण्यात अर्धा तास जातो. एकदा कुल्लूकडे जाऊन आल्यापासून मी तिथलाच दाखला देतो. एकच नाला, पण उन्हाकडच्या बाजूला गवत आणि तुरळक चील, म्हणजे तिथला एक पाइन. सावलीकडे बर्फ उशिरा वितळतो, ओल टिकते, म्हणून देवदार आणि कैल या दुसऱ्या पाइनची दाटी. ‘सावली म्हणजे ओल, ओल म्हणजे जास्त जाती,’ हे माझं वाक्य मुलांना पाठ झालंय.

सप्टेंबरात सातपुड्यातल्या तोरणमाळला सहल नेली. शहाद्याहून निघालो तेव्हा घामाच्या धारा होत्या. हजारेक मीटर चढून वर आलो तर पोरं ओढण्या-रुमाल गुंडाळून बसलेली. हजार मीटरला साधारण ६ अंश उतरतात, हे त्या दिवशी शिकवावं लागलं नाही.

पूर्व-पश्चिम पसरलेली एक घळ निवडली. दोन्ही उतारांवर झाडांसाठी १० बाय १० मीटरचे चौकोन आखले, त्यांच्या आत गवत-रोपट्यांसाठी १ मीटरचे. सुतळी आणि खुंट्या, बाकी काही नाही. झाडांचं गणित माझ्या वाक्याप्रमाणेच निघालं. दक्षिणेला तोंड केलेल्या उतारावर सालई, खैर, धावडा; समोरच्या सावलीत जांभूळ, आंबा, बेहडा, खोडांवर शेवाळ. मी खूश.

मग अमळनेरकडची एक मुलगी रोपट्यांचा तक्ता घेऊन आली. उन्हाकडच्या बाजूला जाती जवळजवळ दुप्पट! मी न वाचताच म्हणालो, “कागद उलटसुलट झालेत,” आणि तक्त्यावर तांबड्या पेनानं आडवी काट मारली. ती गप्प राहिली. मागून कुणीतरी पुटपुटलं, “सर, एकदा देखी तं ल्या.”

गेलो. गुडघे टेकून चौकोनात वाकलो. केना, भुईआवळा, टाकळा, कुर्डू, तीन-चार तऱ्हांची गवतं, बोटभर उंचीच्या दोन शेंगावर्गीय वेली, ज्यांची नावं मलाही येईनात. दुसरीकडे जांभळाखालच्या चौकोनात नेचे, थोडा तेरडा आणि उरलेला सगळा काळा ओला पाला. कागद बरोबर होते.

दगडावर बसलो तेव्हा चूक कुठे झाली ते लक्षात आलं. मी नियम कुल्लूच्या ३२ अक्षांशावरून उचलून आणला होता. तिथे सूर्य बारा महिने दक्षिणेकडूनच येतो, त्यामुळे दोन उतारांतला फरक कधी मिटत नाही. आपण २२ च्या आसपास. जूनमध्ये सूर्य थेट डोक्यावर, शिवाय ढग. पावसाळ्यात ओल दोन्ही बाजूंना सारखीच. फरक पडतो तो ऑक्टोबरपासून पुढे, सूर्य दक्षिणेला कलला की. तो कोरडा काळ ज्याला उभ्यानं काढायचा असतो त्या झाडाला उतार निवडावा लागतो. जूनमध्ये उगवून दिवाळीच्या आगेमागे बी टाकून मोकळं होणाऱ्या टाकळ्याला त्याचं काय? त्याला हवा उजेड, आणि तो सालईच्या विरळ सावलीत भरपूर. हिमालयात तरी काय, दाट देवदाराखाली काळोखच असतो आणि चिलीखाली सुयांचा जाड थर. तिथेही मी मान वर करून झाडंच पाहत हिंडलो होतो.

मुलांसमोर तसं सांगितलं. एक धडगावचा मुलगा म्हणाला, “सर, मग परीक्षेत कोणतं लिहायचं?” त्याला काय सांगू!

संध्याकाळी बसमध्ये ती मुलगी तक्ता घेऊन आली. “सर, कोरा फॉर्म आहे का? यावर काट आहे.” कोरे संपले होते. काटेशेजारीच ‘बरोबर’ लिहून सही केली. तिच्या जर्नलला तोच कागद लागलाय.