काट्यांच्या डोंगरावर

ओन्याती, शनिवार, रात्र

पाऊस दुपारी थांबला, पण आइस्कोरीचे शिखर दिवसभर ढगांतून बाहेर आलेच नाही. स्पेनच्या बास्क प्रदेशातील गिपुस्कोआ प्रांतातल्या या गावी येऊन आज तिसरा दिवस. सकाळी सान मिगेल चर्चच्या ओवऱ्यांत बराच वेळ रेंगाळलो, कारण तेथे उबाओ नदी चक्क ओवऱ्यांच्या खालून वाहते. कमानीतून वाकून पाहिले की पावसाने गढूळ झालेले पाणी दगडांवर आपटत जाताना दिसते आणि शेजारच्याशी बोलायचे तर आवाज चढवावा लागतो. सोळाव्या शतकातले विद्यापीठ जवळच आहे, पण त्याच्या नक्षीदार दर्शनी भिंतीपेक्षा माझे लक्ष या पाण्यानेच अधिक वेधले.

तेथून सुमारे नऊ किलोमीटरचा चढ चढून आरान्त्सासु या तीर्थस्थानी गेलो. पंधराव्या शतकात एका मेंढपाळाला काटेरी झुडपात मेरीची मूर्ती दिसली आणि तो उद्गारला, ‘आरान्त्सान सु?’ म्हणजे ‘काट्यांत, तू?’, अशी आख्यायिका. आपल्याकडेही गुराख्यांना देव सापडल्याच्या कथा कमी नाहीत, त्यामुळे ती परकी वाटली नाही. भाषेचे अभ्यासक मात्र नावाचा अर्थ ‘काट्यांनी भरलेली जागा’ असा सरळ लावतात, आणि येथील चुनखडीचा उतार पाहिल्यावर मलाही तोच अधिक पटला. १९५० च्या दशकात बांधलेल्या नव्या बॅसिलिकाच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या, मनोऱ्यांवर हिऱ्यासारखे टोकदार दगड बसवले आहेत; काटे दगडातही उतरले आहेत. दारे शिल्पकार चियीदा यांची. वरच्या पट्टीतले शिल्पकार ओतेइसा यांनी घडवलेले येशूचे प्रेषित बारा नव्हे, चौदा आहेत, आणि चर्चच्या वरिष्ठांनी काम थांबवल्यामुळे ते दगड अनेक वर्षे रस्त्याकडेला पडून होते. १९६९ मध्ये ते जागेवर चढले.

मला येथे खरे तर आणले ते १९६८ सालाने. त्या वर्षी बास्क भाषा अकादमीची सभा याच डोंगरावर भरली आणि निरनिराळ्या बोलींना सामावणारी एक लेखी प्रमाणभाषा ठरवण्याचे काम तेथून वेगाने पुढे गेले. सर्वांत कडाक्याचे भांडण झाले ते ‘ह’ या एका अक्षरावरून, कारण तो उच्चार उत्तरेकडच्या बोलींत टिकला होता आणि दक्षिणेत लोपला होता. हे वाचताना हसू आले, पण लगेच आठवले की १९६२ च्या मराठी लेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, याची हळहळ करणारी माणसे मी स्वतः घरात पाहिली आहेत.

परतताना धुक्यात घंटांचा आवाज आला आणि मग लांब, ओल्या लोकरीच्या लाचा जातीच्या मेंढ्या रस्ता ओलांडून गेल्या. यांच्याच कच्च्या दुधाचे इदियासाबाल चीज आता समोरच्या बशीत आहे. धुरावलेल्या सालीपाशी ते किंचित तिखटसर लागते. ढग उठले तर उद्या बीचच्या जंगलातून उर्बियाच्या कुरणापर्यंत जाईन. बूट अजून ओले आहेत.