तुम्ही विचारलंत म्हणून: बर्सन आणि भोपाळ

जनसंपर्काच्या वर्गात हॅरॉल्ड बर्सन यांचा विषय निघाला की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, भोपाळनंतर युनियन कार्बाइडने ज्यांच्या कंपनीची मदत घेतली, त्या माणसाबद्दल तुम्ही इतक्या आदराने कसं बोलता?" प्रश्न रास्त आहे, आणि तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत उरकण्यासारखा नाही.

बर्सन अमेरिकेतल्या मेम्फिसचे. आईवडील इंग्लंडमधल्या लीड्सहून आलेले, घरची परिस्थिती बेताची. दुसरं महायुद्ध संपल्यावर नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्याचं वार्तांकन त्यांनी अमेरिकन सैनिकांच्या रेडिओसाठी केलं. १९५३ मध्ये शिकागोच्या जाहिरात व्यवसायातले बिल मार्स्टेलर यांच्यासोबत 'बर्सन-मार्स्टेलर' ही जनसंपर्क कंपनी काढली आणि ती जगभर नेली.

ते सांगायचे की कंपन्यांचे प्रमुख आधी 'हे कसं सांगू?' एवढंच विचारत, मग 'काय सांगू?' विचारू लागले आणि शेवटी 'काय करू?' यावर आले. माझा आदर आहे तो या तिसऱ्या प्रश्नापायी. १९८२ मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळलं, सात जण दगावले. ते बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. नव्या सुरक्षित वेष्टनात औषध पुन्हा बाजारात आलं, तेव्हा बर्सन यांच्या माणसांनी उपग्रहाद्वारे एकाच वेळी ३० शहरांतल्या पत्रकारांसमोर कंपनीला बोलतं केलं. कंपनीने आधी काहीतरी केलं होतं, म्हणून लोकांनी ऐकून घेतलं.

दोनच वर्षांनी, २ डिसेंबर १९८४ च्या रात्री, भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. कंपनीचे अध्यक्ष वॉरन अँडरसन ७ तारखेला आले, अटक झाली, त्याच दिवशी जामिनावर सुटले. पुढे एका कामगारानेच घातपात केला, अशी गोष्ट कंपनी सांगत राहिली. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा शहराबाहेर जायला जानेवारी २०२५ उजाडलं. 'काय करू?' याचं उत्तर भोपाळला मिळालंच नाही. अशा अशिलाचं काम घेणं मला मान्य नाही. अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीचं कामही बर्सन यांच्याच कंपनीने घेतलं होतं, तेही नाही. वकिलासारखी प्रत्येकाची बाजू मांडायला आपण बांधील नसतो. नकार देता येतो.

१९८८ मध्ये प्रमुखपद सोडल्यावरही बर्सन नव्वदीपर्यंत ऑफिसला जात, नव्या पोरांशी बोलत. जानेवारी २०२० मध्ये, ९८ व्या वर्षी, मेम्फिसमध्येच वारले. धंद्यात मुरलेला माणूस इतकी वर्षं शिकवत राहतो, याचं मला मनापासून कौतुक आहे.

म्हणून मी टायलेनॉलच्या लगेच पुढच्या तासाला भोपाळ घेते. त्या तासाला रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांच्याबद्दल जास्त बोलते. दोघी गॅसपीडित, दोघी कामगार संघटनेच्या. हाताशी एजन्सी नाही, पैसा नाही. १९८९ मध्ये सोबतच्या बायकांना घेऊन त्या भोपाळहून दिल्लीला पायी गेल्या; २००४ मध्ये त्यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. आपलं म्हणणं जगापर्यंत कसं पोहोचवावं, हे विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडूनही शिकावं असं मला वाटतं.