कमानीचे छत आणि स्लाइडरसोबत बदलणारे आकडे

एका मोठ्या सभागृहावर २४ मीटर गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) पोलादी कमानींचे छत घालायचे होते आणि कमानीची उंची किती असावी हे आर्किटेक्टचे ठरत नव्हते. एरवी त्यांनी आकार द्यायचा, स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून मी तो वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये नव्याने उभा करून आकडेमोड करायची आणि माझे उत्तर पोहोचेपर्यंत आकार बदललेला असायचा, असा आमचा क्रम असे. या कामात मी राइनो या त्रिमितीय रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमधील ग्रासहॉपर (आकड्यांवरून आकार घडवणारे साधन) आणि त्यात चालणारे करांबा (रचनेची आकडेमोड करणारे साधन) वापरून भूमितीलाच भार, आधार आणि सेक्शन (दांड्याच्या छेदाचा आकार) जोडून टाकले. उंचीचा स्लाइडर, म्हणजे आकडा बदलण्याची पडद्यावरची सरकपट्टी, सरकवला की कमान बदले आणि तिच्यासोबत बेंडिंग मोमेंट (वाकवणारा जोर), डिफ्लेक्शन (भाराखाली होणारी हालचाल) व आधारांवरच्या प्रतिक्रियाही बदलत, आणि ताण किती आहे ते रंगांतून दिसे. सरळ दांड्यांच्या मॉडेलमध्ये समीकरणे थोडी असतात, म्हणून हे चटकन होते. शेल, म्हणजे पातळ वक्र पृष्ठभाग, घेऊन त्याचा बारीक मेश (तुकड्यांची जाळी) केला असता, तर प्रत्येक हालचालीनंतर थांबावे लागले असते.

स्लाइडरला हात लावण्यापूर्वी मी अपेक्षित उत्तर कागदावर काढून ठेवले. पॅराबोलाच्या आकाराच्या कमानीवर सारखा पसरलेला भार असेल, तर पायथ्याचा आडवा रेटा म्हणजे भार गुणिले गाळ्याचा वर्ग, भागिले उंचीची आठपट. दर मीटरला १० किलोन्यूटन भार धरला, तर ३ मीटर उंचीला २४० आणि ४ मीटर उंचीला १८० किलोन्यूटन रेटा येतो. पडद्यावरचे आकडे याहून किंचित कमी होते आणि ते तसेच असायला हवे होते, कारण दाबाखाली कमान स्वतः थोडी आखूड होते आणि हाताच्या सूत्रात ते धरलेले नसते. वक्र कमान मॉडेलमध्ये सरळ तुकड्यांची बनते, म्हणून उत्तर हलायचे थांबेपर्यंत मी तुकड्यांची संख्या वाढवत नेली.

यानंतरचा भाग सर्वांत रंजक होता, आणि फसवाही. पूर्ण गाळ्यावर सारखा भार असताना पॅराबोलाच्या कमानीत वाक जवळजवळ येतच नाही, सगळा भार दाबाच्या रूपाने पायाकडे उतरतो. त्यामुळे सेक्शन कितीही बारीक केला तरी रंग बराच काळ सौम्यच राहतात आणि पाहणाऱ्याला वाटते की अजून पोलाद वाचवता येईल. आर्किटेक्टनाही तसेच वाटले. मी दर मीटरला ४ किलोन्यूटन इतका बदलता भार फक्त अर्ध्या गाळ्यावर ठेवून दाखवला, तेव्हा गाळ्याच्या पाव आणि पाऊण अंतरावर सुमारे ३६ किलोन्यूटन-मीटर मोमेंट उभा राहिला, एका बाजूला एका दिशेने आणि दुसऱ्या बाजूला उलट दिशेने. एकूण भार कमी होऊनही कमान जास्त वाकली, हे त्यांना आकृतीतच दिसले. मला ते शब्दांत समजावताना नेहमीच अर्धा तास लागतो. त्या दिवसापासून आम्ही पूर्ण भार, डावा अर्धा भार, उजवा अर्धा भार आणि वाऱ्याची उचल अशी चारही प्रकरणे एकत्र चालू ठेवली आणि रंग त्यांतल्या सर्वांत वाईट प्रकरणाचा दाखवला.

आधारांच्या बाबतीत मात्र पडदा आपण सांगू तेच खरे मानतो. आधार पूर्ण अचल धरले, तर कमान सुंदर वागते. प्रत्यक्षात पाया रेट्याखाली थोडा तरी बाहेर सरकतो, रेटा कमी होतो आणि तेवढा वाक कमानीत शिरतो. दोन्ही पायथे जोडणारी ताणदांडी आर्किटेक्टना नको होती, म्हणून मी आधारांच्या जागी स्प्रिंग दिल्या आणि त्यांची ताठरता वरच्या व खालच्या अंदाजाने बदलून पाहिली. उंचीच्या स्लाइडरइतकेच महत्त्व मी या स्लाइडरला देतो, जरी तो हलवताना चित्रात काहीच नाट्यमय घडत नाही.

चालू मॉडेलचे विश्लेषण रेषीय होते. बारीक कमान दाबाखाली बाजूला कलते, हे त्यातून आपोआप कळत नाही. तिच्या प्रतलातला (कमानीच्या उभ्या पातळीतला) बकलिंगचा, म्हणजे दाबाखाली अचानक वाकून जाण्याचा, पहिला प्रकार डावीकडे-उजवीकडे झुकण्याचा असतो आणि त्याची परिणामी लांबी (बकलिंगच्या हिशेबात धरायची लांबी) साधारण कमानीच्या वक्र लांबीच्या निम्मी, म्हणजे येथे १३ मीटरच्या जवळपास येते. प्रतलाबाहेरची गोष्ट पर्लिन (कमानींना जोडणारे छताचे आडवे दांडे) आणि ब्रेसिंग (तिरके आधारदांडे) यांवर अवलंबून असते. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील सिव्हिक सेंटरचे स्पेस फ्रेमचे (दांड्यांच्या त्रिमितीय जाळीचे) छत १८ जानेवारी १९७८ रोजी पहाटे बर्फाच्या भाराखाली कोसळले. तेथेही विश्लेषण संगणकावरच झाले होते, पण वरचे दांडे मध्यावर धरलेले आहेत असे त्यात गृहीत होते आणि काही दांड्यांना तसा पुरेसा धर प्रत्यक्षात नव्हता. छत उचलताना डिफ्लेक्शन अपेक्षेच्या जवळजवळ दुप्पट भरले होते, तरीही कोणी थांबले नाही. म्हणून पर्लिन कमानीला जिथे खरोखर जोडली जाणार होती, तेवढेच बिंदू मी बाजूने धरलेले मानले आणि अंतिम आकार ठरल्यावर बकलिंग व द्वितीय-क्रमाची (वाकल्यामुळे वाढणारा परिणाम धरणारी) तपासणी निवांतपणे, वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये केली. दोन्हीकडच्या प्रतिक्रियांची बेरीज एकूण भाराशी जुळते का, हे आधी पाहिले. जोडांचे डिझाइन सर्वांत शेवटी हाताने केले.

फाइल आर्किटेक्टकडे देताना मी उंचीच्या स्लाइडरला मर्यादा घातल्या. पायाला २०० किलोन्यूटनपेक्षा जास्त रेटा झेपणार नव्हता, म्हणून खालची मर्यादा ३.६ मीटर ठेवली, वरची ४.८ मीटर, कारण त्यापुढे वाऱ्याचे प्रकरण सेक्शन ठरवू लागत होते. या दोन आकड्यांमध्ये त्यांनी मला न विचारता हवे तेवढे फेरफार करावेत, असे आमचे ठरले, आणि त्यांनी ४.२ मीटर उंची निवडली.